गावचं हायस्कूल, पालकाच्या नजरेनं : पाचपैकी चार तारे

मे महिना लागला की गिरणीत दळण घेऊन येणाऱ्या बाया मला एकच विचारतात. पोरगं चौथी झालं, आता कुठं घालायचं? गावच्या हायस्कूलला, का तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला? पिवळी गाडी दारात येते, बूट-टाय असतो, त्याकडं जीव ओढतो, हे मला कळतं. माझी थोरली गावच्याच हायस्कूलमधून २०२५ ला दहावी झाली. धाकटा आता नववीत आहे. मी स्वतःही तिथलीच, १९९९ ची दहावी. माहेर शेजारच्या वाडीतलं, त्यामुळं शाळा सुटली तरी शाळेचा रस्ता कधी सुटला नाही. दर वेळी गिरणीच्या आवाजात ओरडून सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवते.

इमारत, मैदान, फळ्यावरचा निकाल हे तुम्ही रस्त्यानं जाताना बघू शकता. मी लिहिणार आहे ते आतलं. ही शाळा आईबापांना, जुन्या विद्यार्थ्यांना आणि गावाला कशी धरून आहे, ते. आमच्या माणदेशात पाऊस बेभरवशाचा. दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला जातात, काही मेंढरांमागं जातात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. इथं पोर दहावीपर्यंत टिकायचं तर एकट्या गुरुजींच्या शिकवण्यानं ते होत नाही.

माझा पहिला अनुभव वाईट होता, तोही सांगते. २०१९ ला थोरली पाचवीत गेली. डिसेंबरात एका दुपारी शाळेचे शिपाई मामा सायकलवरनं गिरणीत आले, हातात लाल कापडी पुठ्ठ्याची वही.

"वैनी, हितं सही करा. तुमचं नाव समितीत घातलंय."

माझे हात पिठानं पांढरे, समोर गिऱ्हाईक उभं. पदराला हात पुसून मी सही केली. रात्री भाकरी थापताना मनात आलं, आपण सही कशावर केली? दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन वही मागितली. सभा झाल्याची तारीख होती, 'सविस्तर चर्चा झाली' असं होतं, ठराव सर्वानुमते मंजूर होता, आणि खाली माझी सही. त्या तारखेला मी म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला गेले होते.

मला ते फार लागलं. शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक पाहिजेत आणि समितीत निम्म्या बाया पाहिजेत. तो आकडा भरायला मी होते. आमच्यासारख्या अनुदानित खाजगी शाळेत या समितीला नुसता सल्ला द्यायचा अधिकार आहे, २०१२ च्या दुरुस्तीनं तसं केलंय. पण सल्ला घ्यायचा तर माणसाला आधी बोलवावं लागतं.

पुढं कोरोनात शाळा बंद पडली आणि ज्याच्या घरी मोबाईल त्याचीच शाळा चालू राहिली. ४ ऑक्टोबर २०२१ ला वर्ग उघडले आणि थोड्याच दिवसांत एसटीचा संप लागला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत. लांबच्या वस्त्यांवरच्या मुली एसटीच्या मोफत पासवर यायच्या. पास हातात होता, गाडी नव्हती. तेव्हा शाळेचा एक जुना विद्यार्थी, जो डेअरीला दूध घालून रिकामी पिकअप घेऊन परत यायचा, तो रोज सकाळी तीन वस्त्यांवरून वळसा घालून पोरं आणायला लागला. डिझेलला पालकांनी मिळून पैसे दिले. माजी विद्यार्थी शाळेच्या कामाला आलेला मी पहिल्यांदा बघितला तो असा, सत्काराविना.

त्याच वर्षी जुने सर निवृत्त होऊन नवे हेडसर आले. त्यांच्या पहिल्याच पालकसभेत त्यांनी ती लाल वही उघडली आणि मागच्या सभेचं इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवलं. मग वही मिटून विचारलं, "यात झालं नाही असं काही लिहिलंय का?" कुणी बोलेना. माझ्या छातीत धडधडत होतं, तरी मी उठले आणि २०१९ ची ती सही सांगितली. सगळे गप्प. सर म्हणाले, "ताई, तुम्ही आत्ता बोललात तेवढं तसंच्या तसं लिहून घेतो." आणि लिहिलं. तेव्हापासून सभा संपली की तिथंच वही वाचतात आणि वाचून झाल्यावरच सह्या होतात. वही कुणाच्या घरी जात नाही. प्रवेश घ्यायला जाल तेव्हा ती वही बघायला मागा. देतात. मी तर म्हणेन, कुठल्याही शाळेत आधी ही वही मागा, मग वर्ग बघा.

दुसरा बदल पालकसभेच्या वेळेचा. पूर्वी सभा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, साडेअकराला. तेव्हा बाया रानात असतात. पंधरा-वीस डोकी जमायची, त्यातली निम्मी पंचायतीच्या ओट्यावरची. आता तीन महिन्यांतून एकदा सभा वस्तीवर होते, रात्री साडेसातला, देवळाच्या मंडपात. सर आणि वर्गशिक्षक मोटारसायकलवर येतात, बरोबर पोरांच्या वह्यांचा गठ्ठा. मार्क सांगायच्या आधी प्रत्येक पोर आपल्या आईसमोर बसून मराठीच्या पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचतं.

हे ज्यानं सुचवलं त्याला माझा नमस्कार. आमच्या वस्तीवर अंगठा लावणाऱ्या आया आहेत. त्यांना टक्केवारी सांगून काही कळत नाही, पण आपलं लेकरू अडखळतंय का सरळ वाचतंय हे अक्षर न येणाऱ्या बाईलाही कानानं कळतं. पहिल्या वेळी सातवीतलं एक पोरगं पहिल्या ओळीवरच अडलं. त्याची आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रोज चुलीपुढं त्याला पुस्तक घेऊन बसवायला लागली. तिला काही वाचता येत नाही, नुसती ऐकते. ते पोरगं आता दहावीत आहे आणि सभेत स्वागताचं तेच वाचतं.

आता नववीबद्दल. हे नीट वाचा, कारण प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही. कायद्याचा हात पोराच्या डोक्यावर आठवीपर्यंतच असतो. आठवीपर्यंत दुपारची खिचडी मिळते, पुस्तकं फुकट मिळतात. जूनमध्ये तेच पोर नववीच्या बाकावर बसलं की दोन्ही बंद. वय वाढतं तशी भूकही वाढते, आणि नेमकं त्याच वर्षी ताट जातं. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकांची जी परीक्षा असते, तिच्या निवड यादीत आलेल्या पोराला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे. शाळा तिचे जादा तास घेते, फॉर्म भरून घेते, ते चांगलंच करते. पण यादीत येणारी पोरं थोडी. बाकीच्यांचं काय?

डिसेंबर २०२३ ला थोरली नववीत होती. तिच्या वर्गातली एक मुलगी आठवडाभर आली नाही. आईबाप कराडकडं ऊसतोडीला, घरी आजी आणि धाकटा भाऊ. वर्गाच्या बाई, मी आणि आणखी एकजण असं आम्ही वस्तीवर गेलो. मनात धास्ती होती की लग्नाचं काही चाललंय. आजीनं आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाली, "सकाळी पिठाच्या दोन भाकरी व्हत्यात. धाकल्याला साळंत खिचडी हाय. ही नववीत गेली न् हिची खिचडी गेली. पोर उपाशी किती दिस चालायची?" साडेतीन किलोमीटर जायचं आणि साडेतीन यायचं. मुलगी दाराआड उभी होती, मान खाली घालून.

परत येताना आम्ही तिघी एक शब्द बोललो नाही.

पुढच्या सभेत बाईंनी हा विषय मांडला, नाव न घेता. बरीच चर्चा झाली, संस्थेकडं मागू, आमदारांकडं मागू. मला माझ्या सासऱ्यांचं बोलणं आठवलं. ते सांगायचे, ही शाळा उभी राहिली तेव्हा दगड गावानं बैलगाड्यांनी वाहिले आणि बाहेरगावच्या पोरांना जेवायला घरटी मूठमूठ धान्य गोळा व्हायचं. सातारा जिल्ह्यात हे काही नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, आणि ते चालावं म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आम्हाला शाळेतच शिकवलंय. आमची शाळा रयतची नाही, लहानशा संस्थेची आहे. पण मूठभर ज्वारीला संस्था कशाला लागते? मी उभी राहून म्हटलं, गिरणीत डबा ठेवते.

तेव्हापासून दिवाळी ते पाडवा गिरणीत तेलाचा एक पत्र्याचा डबा असतो. दळण टाकणारी बाई आपल्या पाटीतली एक मूठ त्यात टाकते. सांगावं लागत नाही. शनिवारी ते दळून शाळेजवळच्या तीन घरांत जातं, त्या घरच्या बाया भाकरी करतात, कालवण हेडसर, शिक्षक आणि पालक आळीपाळीनं बघतात. कुणाला देतो याची यादी फक्त वर्गशिक्षकांकडं. आणि सगळ्यात चांगली गोष्ट बाईंनी केली. नववी-दहावीची सगळी पोरं दुपारी गोल करून बसतात आणि सगळ्यांच्या डब्यातल्या भाकरी मधे फडक्यावर ठेवतात. कुठली घरची, कुठली डब्यातली, ओळखू येत नाही. गेल्या हंगामात सव्वीस पोरं त्यावर जेवली. ती मुलगी पुन्हा आली, दहावीला ६७ टक्के पाडले, आता दहिवडीला अकरावीला जाते.

पुस्तकांचं त्याहून सोपं झालं. दहावीचा निकाल घ्यायला आलं की पोरानं आपला संच ग्रंथालयात ठेवायचा. पुस्तकात रेघोट्या मारायच्या नाहीत हे पोरं आता एकमेकांनाच दटावतात.

माजी विद्यार्थ्यांबद्दल मात्र मला दोन्ही बाजूंनी बोलायचंय, कारण त्यात मीही आहे. दिवाळीत मेळावा होतो. २०२२ ला आमच्या १९९९ च्या बॅचचा होता. पुण्या-मुंबईहून, सुरतेहून पोरं आली, तेवीस वर्षांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, हजेरी घेतली, जुन्या बाईंच्या पाया पडताना सगळे रडलो. ते खरं होतं आणि ते व्हायलाच पाहिजे. पण त्यानंतर चार तास शाल, श्रीफळ आणि भाषणं. पाचवी-सहावीची पोरं उन्हात मांडी घालून बसलेली. मग देणगीचा विषय निघाला, एक लाख साठ हजार जमले, आणि ठरलं की शाळेला कमान बांधायची, ग्रॅनाइटवर बॅचचं नाव.

मी म्हटलं, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही, आधी ते करू. एकजण म्हणाला, "अगं, ते सरकारचं काम आहे." दुसरा म्हणाला, कमान कायम दिसेल. कमान झाली. ती देखणी आहे, गावाला तिचा अभिमान आहे, मलाही तिच्याखालून जाताना बरं वाटतं. पण तिच्याखालून सकाळी आत गेलेल्या पोरी दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत, कारण प्यायलं तर जायचं कुठं. महिन्याच्या त्या चार दिवसांत कितीजणी घरीच राहतात ते हजेरीपटावर दिसतं. बॅचच्या ग्रुपवर मी हे लिहीत राहिले, वर्षभर. शेवटी २०२४ ला आमच्यातल्याच सहा जणांनी दोन हजार लिटरची टाकी आणि पाइपलाइन करून दिली. सहा महिने नळाला पाणी आलं. मग मोटार जळली आणि ती आज लिहितेय तोवर दुरुस्त झालेली नाही. टाकी देणारे भेटतात. मोटार जळल्यावर पुन्हा येणारा माणूस भेटत नाही. वेतनेतर अनुदान तुटपुंजं येतं, त्यात लाइट बिल, खडू, कागद भागवता भागवता दुरुस्ती मागं पडते, हे हेडसरांनी हिशेब फळ्यावर मांडून दाखवलं. हिशेब खरा आहे. तरी एक तारा मी याच्यासाठी कापते.

पैसे न देता येणारे माजी विद्यार्थी जास्त कामाचे निघाले, हे मला मुद्दाम सांगायचंय. आयटीआय केलेला एकजण दरवर्षी जूनच्या आधी सगळ्या वर्गांची वायरिंग तपासतो. ग्रामीण रुग्णालयात नर्स असलेली एकजण वर्षातून दोनदा आठवी ते दहावीच्या मुलींशी बोलते, दार लावून, शिक्षक बाहेर. माझी पोरगी मला जे विचारायला लाजायची ते तिला विचारून आली. पोलिसात असलेला एकजण सुट्टीवर आला की पहाटे मैदानावर पोरांना पळवतो. पुण्याच्या एकानं रविवारी मोबाईलवरून गणित शिकवायला घेतलं होतं, ते दोन महिन्यांत थांबलं. इथं रेंज नसते आणि पोरं समोरच्या माणसाला घाबरतात तशी मोबाईलला घाबरत नाहीत.

आणि रात्रीची अभ्यासिका. डिसेंबर ते फेब्रुवारी दहावीची पोरं संध्याकाळी सात ते साडेनऊ शाळेत बसतात. लाइट जाते म्हणून २००६ च्या बॅचनं इन्व्हर्टर दिला. पहिल्या वर्षी फक्त मुलगे बसायचे, मुलींना रात्री कोण आणणार? पालक-शिक्षक संघात आम्ही वस्तीवार यादी केली. रोज दोन पालक, त्यांच्या वाटेवरच्या सगळ्या मुलींना शाळेतून घेऊन घरोघर पोचवायचं. फळ्यावर तारखेसमोर नावं. इथं मला एक गोष्ट कळली. जे बाप पालकसभेला कधी आले नाहीत, बोलवायला गेलं तर "त्यास्नी इचारा" म्हणून बायकोकडं बोट करायचे, ते या कामाला एकही तारीख चुकले नाहीत. माझ्या घरचेही तसेच. सभेत बसून काय बोलायचं हे त्यांना सुधरत नाही. पण मंगळवारी साडेनऊला बॅटरी आणि काठी घेऊन फाटकाशी उभं राहायचं, हे त्यांना नेमकं कळतं. वाटेत मुलींची बडबड ऐकत यायचे आणि घरी येऊन मला सांगायचे, अमकीला भूमितीची भीती वाटते, तमकीला नर्सिंगला जायचंय. सहा वर्षांत जेवढी शाळा त्यांना कळली नव्हती तेवढी त्या तीन महिन्यांत कळली. २१ फेब्रुवारी २०२५ ला परीक्षा सुरू झाली, त्याच्या आदल्या रात्री आठ बाप फाटकाशी आले होते, नंबर दोघांचाच असताना.

उणं बाजूचं आणखी थोडं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सूचना रात्री अकराला येतात आणि ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्यांना त्या कळतच नाहीत. त्यांच्या पोरांना दुसऱ्या दिवशी बोलणी बसतात, हे बरोबर नाही. सूचना वहीत लिहून द्याव्यात, हे मी तीन सभांत मांडलंय. तक्रारपेटी आहे, पण ती महिन्याला उघडायची ठरलेली असताना गेल्या वर्षी दोनदाच उघडली. आणि ऊसतोडीला गेलेल्या आईबापांपर्यंत शाळा अजून पोचत नाही. पाच महिने त्यांना पोराचं काही कळत नाही. एक बाई स्वतःच्या फोनवरून महिन्याला एकदा फडावर फोन लावून पोराशी आणि आईशी बोलणं करून देतात. एक बाई करते ते सगळ्या वर्गांनी का करू नये, असं मला फार वाटतं.

पाचवीचा प्रवेश जूनमध्ये शाळा उघडायच्या आठवड्यात होतो. चौथीचा दाखला आणि आधार न्या. शनिवारी सकाळी गेलात तर हेडसर निवांत भेटतात. मुलीला घालायचं असेल तर मोटार बसली का, ते आधी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून बघा आणि बसली नसेल तर ऑफिसात सांगूनच बाहेर पडा, म्हणजे सांगणारी मी एकटी राहणार नाही. बाकी काही विचारायचं असेल तर गिरणी सकाळी आठ ते दुपारी एक चालू असते, संध्याकाळी पाचनंतर पुन्हा. मंगळवारी लाइट नसते, त्या दिवशी बोलायला वेळ असतो.